मंजूनं शेवटी ठेवलेले डोळे

माझ्या पाठीवर एक आंधळा ड्रॅगन आहे.

त्याचे डोळे उघडायच्या आधीच मंजू गेली. आज वर्ष झालं.

मंजू माझी शाळेपासूनची मैत्रीण. गणपती घडवणाऱ्या घरातली. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करावी तर मंजूनंच, असं त्यांच्या गल्लीत सगळे म्हणायचे.

पुढं तिनं शिवाजी पेठेत टॅटूचं दुकान टाकलं आणि मी अख्खी पाठ तिच्या ताब्यात दिली. जपानी पद्धतीचा ड्रॅगन, मानेपासून कमरेपर्यंत.

लोक म्हणाले, बाईमाणसाला हे काय सुचतंय?
म्हटलं, पाठ माझी, तुमच्या पोटात का दुखतंय?

आधी आउटलाइन. मग कातडी बरी होईपर्यंत थांबायचं. मग खवले, लाटा, ढगांचं शेडिंग. महिन्यातनं एक रविवार मी पालथी आणि मंजूची बडबड सुरू. मशीन थांबायचं, बाईचं तोंड नाही.

"डोळे कधी आखणार गं?"

"शेवटी. डोळं उघडलं की त्यो बघाय लागतोय. मग शिव्या देता येत न्हाईत त्याच्यासमोर."

हसत नव्हती ती.

डोळ्यांसाठी रविवारची दुपार ठरली होती. शुक्रवारी सकाळी दुकानाचं शटर वर करतानाच मंजू कोसळली. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याच संध्याकाळी तिच्या आईनं मला आतल्या खोलीत नेलं. "पाठ दाव," म्हणाल्या. ड्रॅगनच्या डोळ्यांच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून बसून राहिल्या.

"दुसऱ्या कुणाकडनं करून घिऊ नको बाळ. आखणी अर्धी टाकून आमच्यातलं कोण जात न्हाई. ती यील."

मी हो म्हटलं. त्या वेळी त्या माउलीला दुसरं काय म्हणणार?

पण महिन्याभरात सुरू झालं.

रविवारी दुपारी, बरोब्बर तिथंच, टोचायला लागतं. बारीक, सुईसारखं. स्किनच्या डॉक्टरांनी मलम दिलं. नवरा म्हणाला, मनाचे खेळ आहेत तुझ्या.

मग एका रविवारी नवराच पंखा बंद करून उभा राहिला. "कसलं मशीन चालू आहे गं घरात?"

घरात काहीच चालू नव्हतं. तेव्हापासून तो रविवारी दुपारी घरात थांबत नाही.

खरं सांगते, मी घाबरले. पुण्यातल्या एका आर्टिस्टची अपॉइंटमेंट घेतली. डोळे पुरे करायचे आणि मोकळं व्हायचं. पण मंजूच्या आईला, काकींना, शब्द दिला होता, म्हणून आज सकाळी वर्षश्राद्धाला गेले तेव्हा सांगून टाकलं.

"काकी, मला सोसत नाही आता. मी करून घेते डोळे."

काकी चिडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "बस," म्हणाल्या. चष्मा लावला. पाठ बघितली. बराच वेळ बघत होत्या.

मग माझा खांदा गच्च धरला.

"अगं, एक उघडलाय की तिनं!"

वर्षानंतर काकींच्या आवाजात जीव आलेला ऐकला.

मी आरसा मागितला नाही. घरी आल्यावर नवऱ्याला फोटोही काढू दिला नाही. पुण्याची अपॉइंटमेंट तेवढी कॅन्सल केली.

सगळे आज तुला श्रद्धांजली लिहितायत मंजू. माझ्यानं लिहवत नाही.

दुसरा डोळा सावकाश कर. दमलीस तर थांब, महिना महिना येऊ नकोस. तो पुरा झाला की तुझ्या आईनं कुणाची वाट बघायची?

कितीही टोचू दे. मी हलणार नाही.