बर्फावरचा नारळ

टोक्योतल्या हिगाशी-कसाईत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका आइस हॉकीचा जाणकार आणि त्यांच्याइतका बर्फावर सपशेल आपटणारा माणूस अख्ख्या जपानात सापडणार नाही. स्केट्स त्यांनी आयुष्यात एकदाच घातले आणि पुढचा महिनाभर ऑफिसचं काम पालथं पडून केलं. पण सत्यनारायणाला बोलवा, प्रसाद हातात पडायच्या आत त्यांच्या लाडक्या टीमचा इतिहास सुरू! उत्तरेकडच्या एका कागद कारखान्याने कामगारांची हौस म्हणून ती काढली, पुढे कारखान्याने हात वर केले, मग गावाने वर्गणी काढून तिचा व्यावसायिक क्लब केला. "आपल्या गणेश मंडळासारखंच हो!" म्हणताना काकांचे डोळे भरून यायचे आणि आमचा शिरा गार व्हायचा. काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नाची तारीख विचारा, ती नाही सांगता यायची."

तीन वर्षांपूर्वी हंगामाच्या पहिल्या सामन्याला ते आम्हाला बुलेट ट्रेनने तिकडे घेऊन गेले. शुभारंभ म्हणून त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि कुणी काही बोलायच्या आत कठड्यावरून वाकून थेट बर्फावर फोडला. खळगा पडला, नारळाचं पाणी जागच्या जागी गोठलं, सामना अर्धा तास खोळंबला. टीमचे मॅनेजर धावत आले. मी घाईघाईने जपानी माफी जुळवत होते, तर तेच कमरेत वाकून म्हणाले, "या विधीसाठी आमच्याकडे योग्य जागा नव्हती, क्षमा असावी." त्या दिवशी टीम हरली. त्यानंतरची प्रत्येक हार काकांनी स्वतःच्या माथी घेतली. "मीच खळगा पाडला," एवढंच म्हणायचे.

यंदा देणगीदार आटले आणि क्लब बंद होणार असं जाहीर झालं. शेवटच्या सामन्याला काका जाईनात. "कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच. मफलर घ्या," काकू म्हणाल्या आणि तिकिटं पुढ्यात टाकली.

स्टेडियमच्या दारातच तेच मॅनेजर-सान उभे होते. आत एका कोपऱ्यात रबरी चटई, तिच्यावर घासूनपुसून ठेवलेला दगड आणि कुठून पैदा केला देव जाणे, पण एक नारळ. "या वेळी जागा केली आहे," ते म्हणाले. काकांनी नारळ एका फटक्यात फोडला. खोबरं त्यांनी खेळाडूंना वाटलं. खेळातली टणक रबरी चकती लागून पुढचे दात गमावलेल्या गोलकीपरला ते काही चावेना, म्हणून त्याने तुकडा हातमोज्यात जपून ठेवला. टीम रिवाजाप्रमाणे हरली.

परतीच्या गाडीत काका गप्प होते. त्यांच्या बडबडीला इतकी वर्षं वैतागलेल्या मला ते सोसवेना.

"काका, ही टीम काढली कुणी हो?"

ते माझ्याकडे वळले. मग मफलरने नाक पुसून म्हणाले, "उत्तरेकडे एक कागदाचा कारखाना होता..."

टोक्यो येईपर्यंत मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.