टरफलांचे प्रोफेसर

आमच्या वैशाली नगरात हिवाळ्यात शेंगा निवांत खायची सोय नाही. शेजारचे प्रोफेसर पिशवी घेऊन समोर उभेच. "वहिनी, दाणे तुमचे, टरफलं माझी!" ती टरफलं कॉलेजच्या भट्टीत जाळून ते कोळसा करतात, आणि म्हणे तो कोळसा पाण्यातलं शिसं धरून ठेवतो. बोलताना हातात एक टरफल चुरडत असतात आणि दर वाक्याला "मतलब" लावतात. घरी मात्र पितात विकतच्या कॅनचं पाणी. मी टोमणा मारला की नुसते हसतात.

आमची कामवाली कमला कापड रंगवायच्या कारखान्यांजवळ राहते. तिच्या हातपंपाच्या पाण्यात शिसं निघालं, तेव्हा प्रोफेसरांनी तेच पाणी आपल्या कोळशातून गाळून पेलाभर आणलं. अगदी काचेसारखं! कमलाने विचारलं, "प्रोफेसरजी, मुन्नी को पिला दूँ?" मुन्नी तिची धाकटी.

आता हे छाती फुगवून हो म्हणणार, असं मला वाटलं. त्यांनी पेला उजेडात धरला आणि सरळ मोरीत ओतला. "अभी नहीं. सीसा आँख से दिखता नहीं, मतलब... रिपोर्ट आने दो."



गाळलेल्या पाण्याचा तपासणीचा रिपोर्ट अजून यायचाय. तोवर आमचे पाणी शुद्ध करणारे शास्त्रज्ञ रोज सकाळी स्कूटरवर विकतच्या पाण्याचा कॅन ठेवून कमलाच्या वस्तीत जातात. येताना पायाशी टरफलांची पिशवी असते. मुन्नीलाही शेंगा खायला बसवलंय त्यांनी!