टॉवेलावरचा डाग

बागियोच्या घाटात 'जीपनी' ही प्रवासी गाडी हाकता हाकता क्रिस्पुलोचे केस पिकले. रोज सकाळी इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी तो गळ्यातल्या टॉवेलला पुसायचा आणि त्याची बायको लिओनोरा तो टॉवेल धुवायची. इंजिनात तिनं कधी डोकावलंही नव्हतं.

"डाग आज साबणाला दाद देईना. ऑइल बदल, मगच माणसं घाटात ने."

"अजून महिना निघेल गं. तू मेकॅनिक कधी झालीस?"

"तुझे कपडे धुवायला लागले तेव्हा, म्हाताऱ्या!"

तिची कटकट नको म्हणून त्यानं गाडीखाली शिरून बूच काढलं. काकवीसारखं दाट, करपलेलं ऑइल कसंबसं ओघळलं. भरल्या गाडीनिशी चढावर इंजिन जाम झालं असतं तर! त्यानं लगेच नवं ऑइल भरलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी पुसून त्यानं टॉवेल तिच्यापुढे धरला.

"बघ गं, निघू का?"