पंधरा मिनिटांचं चित्रान्न

मडिवाळप्पा कटिंग मास्तरांच्या हातात चाळीस वर्षं कात्री होती, पण त्या चाळीस वर्षांत त्यांनी घरात साधी कोथिंबीर चिरली नव्हती. सोलापुरात जोडभावी पेठेतल्या युनिफॉर्मच्या कारखान्यात कापडाचे थरावर थर अंथरून ते अशा सफाईनं कापायचे की वरच्या शर्टाची बाही आणि तळातल्या शर्टाची बाही यांत सुताचाही फरक निघत नसे. माणूस कामाला चोख, बोलायला कंजूष आणि स्वतःच्या घरात पाहुणा. सकाळी ताट समोर यायचं, संध्याकाळी ताट समोर यायचं. मधे ते कुठून येतं याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

ताटाबद्दल त्यांचा एक नियम मात्र होता, तो त्यांच्या वडिलांपासून आलेला. पुढ्यात आलं ते प्रसाद म्हणून खायचं, शीतही मागे ठेवायचं नाही, ताटात पाणी घालून ते धुऊन प्यायचं, आणि खाल्लेल्याबद्दल चांगलं-वाईट काही बोलायचं नाही. मीठ जास्त झालं तरी गप्प, कमी झालं तरी गप्प. नियम मोठा देखणा होता, यात शंका नाही. फक्त त्यात एक गोम होती. स्वयंपाक करणाऱ्या बाईला आपण केलेलं कसं झालंय हे बेचाळीस वर्षांत एकदाही कळलं नाही.

ती बाई म्हणजे गंगम्मा. अक्कलकोटच्या बाजूची, सतराव्या वर्षी लग्न होऊन आलेली. मास्तर जेवून उठायचे, मग लेक श्रीदेवी जेवायची, आणि मग आतल्या बाजूला गंगम्मा काय जेवायची, केव्हा जेवायची, हे देवालाच ठाऊक. श्रीदेवीचं लग्न होऊन ती अकलूजला गेली तरी हा क्रम बदलला नाही. मास्तर हात धुऊन बाहेर ओट्यावर बसत, तेव्हा आत एका ताटाचा आवाज येई. तोच काय तो तिच्या जेवणाचा पुरावा.

गेल्या माघात गंगम्माच्या गालात आतून गाठ निघाली. तिला मिश्री लावायची सवय होती, लहानपणापासूनची. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं, सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. घरात त्याला ‘लाईट’ म्हणायला लागले. “आज लाईटला जायचंय,” असं मास्तर कारखान्यात सांगत, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटे वीज मंडळात काहीतरी काम आहे.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. उठून स्वयंपाक करण्याइतकी शक्ती गंगम्मात राहिली नव्हती. श्रीदेवी चार दिवस राहून, पोराची परीक्षा म्हणून अकलूजला परतली होती. सकाळी मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी विचारलं, “काय खाशील?”

खाटेवरची गंगम्मा त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “तुमाला उशीर व्हईल. चित्रान्न करा. कालचा भात हाय. पंधरा मिनटाचं काम.”

तिनं पडल्या पडल्या सांगितलं आणि त्यांनी केलं. भात हातानं मोकळा केला. तेलात मोहरी, मग चण्याची डाळ, मग शेंगदाणे, मिरची, कढीपत्ता, हळद. मास्तरांनी मिरचीचे तुकडे असे कापले की फूटपट्टी लावावी. भात परतला आणि कढई गॅसवर असतानाच लिंबू पिळलं. दोन ताटं घेऊन खाटेशेजारी बसले. पहिल्याच घासाला त्यांना कळलं की भात कडू झालाय. नियमाप्रमाणे ते गप्प राहिले. गंगम्माही गप्प राहिली आणि ताट धुऊन पाणी प्याली. दुसऱ्या दिवशी ते फोडणी करत होते तेव्हा खाटेवरून एवढंच आलं, “गॅस बंद करून पिळा की आज लिंबू.”

खरं तर मास्तरांना तिथंच उमगायला हवं होतं, की ही बाई वाईट लागलं तर सांगणारी नाही. पण माणसाला आपल्या हातचं पहिलंवहिलं काही जमलं की त्याचे डोळे तेवढ्यापुरते मिटतात. मास्तर हरखले होते. साठी उलटल्यावर त्यांना नवी कला सापडली होती. त्या दुसऱ्या दिवसाचं चित्रान्न खरंच चांगलं झालं होतं आणि गंगम्मानं ते खरंच आवडीनं खाल्लं. तेव्हा तिचं तोंड अजून शाबूत होतं.

मग रोजच चित्रान्न सुरू झालं. लाईटला जायच्या आधी, सकाळी आठला. मास्तर आदल्या संध्याकाळी लक्ष्मी मंडईत जाऊन लिंबं निवडत. पातळ सालीची, दाबली की बोट आत जाणारी. कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर बसणाऱ्या अमिनाला ते चार चार वेळा सांगत, “लिंबू कदी गॅसवर पिळायचं न्हाय, अमिना. कडू होतं.” अमिना तीस वर्षं स्वयंपाक करणारी बाई. ती मान हलवायची आणि काम करत राहायची.

डॉक्टरांनी मास्तरांना एकच गोष्ट बजावून सांगितली होती. वजन उतरू द्यायचं नाही. वजन उतरलं तर लाईट मधेच थांबवावी लागेल, आणि थांबली तर गाठ पुन्हा डोकं वर काढेल. म्हणजे सगळं येऊन ठेपलं होतं गंगम्माच्या खाण्यावर. मास्तरांनी ते अगदी मनावर घेतलं. ती जेवत असताना समोर स्टूल ओढून बसायचे आणि प्रत्येक घासाकडे बघायचे. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “थोडं कमी वाढा.” त्यांना वाटलं, तोंडाची चव गेली असणार. तोंडाची चव गेली की आंबट द्यावं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यांनी अर्ध्या लिंबाचं अख्खं लिंबू केलं.

गंगम्माच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

“तिखट झालं व्हय?” ते विचारायचे.

“ऊन हाय भात,” ती म्हणायची. आणि खायची. ताटात शीत राहायचं नाही. मास्तर ते ताट उचलताना मनातल्या मनात देवाचे आभार मानायचे. फोनवर श्रीदेवीला सांगायचे, “तुझी अव्वा सगळं खाते. मी केलेलं सगळं खाते.” आवाजात एवढा आनंद असायचा की श्रीदेवी तिकडं रडायची.

चौथ्या आठवड्याच्या सोमवारी वजन घेतलं. एकावन्न किलोची गंगम्मा चव्वेचाळीसवर आली होती. डॉक्टर तरुण बाई होती. तिनं विचारलं, “काका, घरी काय खातात या?”

“चित्रान्न,” मास्तर म्हणाले. “मी सोता करतो. आख्खं लिंबू पिळून. ताट निर्मळ करती बगा.”

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. “लिंबू?” ती म्हणाली. मग उठून तिनं हातात बॅटरी घेतली, गंगम्माला तोंड उघडायला सांगितलं आणि मास्तरांना जवळ बोलावलं. “बघा आत.”

मास्तरांनी पाहिलं. गाल आतून सोलून निघाला होता. जिभेच्या कडेला, टाळूला, जिथं बघावं तिथं लाल मांस आणि त्यावर पांढरे चट्टे. उकळतं तेल सांडल्यावर हात होतो तसं सगळं तोंड झालं होतं. बायको इतक्या जवळून त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी मान फिरवली.

“सिस्टरनं यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं,” डॉक्टर म्हणाली. ती रागावली नव्हती, आणि तेच जास्त लागलं. “आंबट नाही, तिखट नाही. दूध, पेज, मऊ भात. तुम्हाला बोलल्या नाहीत का?”

गंगम्मा भिंतीकडं बघत होती.

लाईट थांबवली. नाकातून नळी घातली. रिक्षात दोघं शेजारी शेजारी बसून घरी आले. घरी आल्यावर मास्तरांनी तिला खाटेवर बसवलं, स्टूल ओढलं आणि विचारलं, “सांगितलं का न्हाईस?”

तिला बोलायला त्रास होत होता. मग ती म्हणाली, “तुमी समूर बसायचा की.”

त्यांना कळलं नाही.

“मी जेवताना तुमी कदी बसला न्हवता,” गंगम्मा म्हणाली. “एवढ्या वर्सात.”

“आगं, बिनलिंबाचा भात असता तरी बसलो असतो की मी.”

“ते मला काय ठाऊक,” ती म्हणाली.

मास्तर उठून स्वयंपाकघरात गेले. परडीत सात-आठ लिंबं होती, कालच निवडून आणलेली. ती त्यांनी पिशवीत घातली आणि बाहेर नेऊन टाकली. परत येऊन स्वयंपाकाच्या ओट्याशी उभे राहिले आणि तिथं उभ्या उभ्या रडले. आवाज होऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला. घर एवढंसं, दोन खोल्यांचं. गंगम्माला ऐकू गेलं नसेल असं कोण म्हणेल?

पुढचे अडीच महिने मास्तर कारखान्यात गेले नाहीत. ऐन हंगाम होता, शाळा उघडायच्या होत्या, मालकांनी निरोपावर निरोप धाडले. हे नळीनं दूध घालत बसले. भांडं किती उंच धरायचं, दूध किती कोमट हवं, सगळं शिकले. एकदा धीर करून त्यांनी विचारलं, “बरी झालीस की काय करून घालू?” ती नुसती हसली. तोंड दुखत होतं म्हणून अर्धंच हसली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. घाई काय आहे, बरी झाल्यावर विचारू, असं त्यांना वाटलं.

लाईट पुन्हा सुरू झाली, पण गाठ गळ्यात उतरली होती. डॉक्टरनं मास्तरांना बाजूला घेऊन समजावलं, की गाठ आधीपासूनच खोल होती, लिंबानं काही ती वाढली नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शहाणी पोरगी होती ती. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि त्यातलं एक अक्षरही त्यांच्या आत गेलं नाही. आषाढ लागला त्याच आठवड्यात गंगम्मा गेली.

त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला पुरतात. तिसऱ्या दिवशी सकाळी घरची माणसं मातीवर दूध घालायला जातात, आणि गेलेल्याच्या आवडीचं काही करून नेतात, पानावर ठेवतात. अक्कलकोटहून गंगम्माची धाकटी बहीण चन्नम्मा आली होती. श्रीदेवी पहाटेपासून स्वयंपाकघरात होती. मास्तर आत गेले तर ओट्यावर कढई, आणि कढईत पिवळंधमक चित्रान्न. लिंबाच्या साली बाजूला पडल्या होत्या.

“हे कशाला?” ते म्हणाले.

“अप्पा, अव्वाला आवडायचं की. तुमीच सांगायचा फोनवर, रोज खाते म्हणून.”

श्रीदेवीला काही सांगितलेलंच नव्हतं. नळी का घालावी लागली हे मास्तरांनी लेकीपासूनही लपवलं होतं. आता त्यांनी सांगितलं. दारात उभं राहून, खाली बघत, चार वाक्यांत सांगितलं. श्रीदेवीनं कढई उचलून खाली ठेवली आणि वर ताट झाकलं.

“मग काय न्यायचं?” ती म्हणाली.

“तिला काय आवडायचं?”

श्रीदेवी विचार करत राहिली. तिला आपल्या आवडीचं सगळं आठवलं, अप्पांच्या आवडीचं आठवलं, आईनं ते कसं कसं केलं तेही आठवलं. “अव्वा आमच्या मागनं जेवायची,” शेवटी ती म्हणाली. “काय उरलंय ते.”

बाहेर रिक्षा येऊन थांबली होती. रिक्षावाल्यानं एकदा हॉर्न दिला. चन्नम्मा दुधाचा तांब्या घेऊन आत आली आणि दोघांना तसं उभं बघून दारातच थांबली.

“चन्नम्मा,” मास्तर म्हणाले, “तुला ठाऊक आसंल. तुज्या अक्काला काय आवडायचं?”

“खोबरं आन गूळ,” चन्नम्मा पटकन म्हणाली. “चोरून खायची. आईचा मार खायची, तरी खायची.” मग तिनं मास्तरांकडं पाहिलं. “पण ते सोळा वर्साची हुईस्तवरचं, दाजी. त्याच्या पुढचं मला कुटलं ठाऊक? ते तुमाला ठाऊक.”

मास्तरांनी डबा उघडला. घरात गूळ होता, ओल्या खोबऱ्याची वाटीही होती. विळी कुठं असते हे त्यांना आता माहीत होतं. ते खाली बसले आणि खोबरं खोवू लागले.