तयारीच्या शाळेची प्रयागबाई

लकडगंजाच्या अलीकडे कोष्ट्यांची जी वस्ती आहे, तिच्या तोंडाशी आता रेशनचं दुकान आहे. रॉकेलच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांना सांगून खरं वाटत नाही, पण त्या जागी सरकारी शाळा होती. साठ-एकसष्टच्या सुमारास निघाली आणि अठ्ठ्याहत्तरला बंद पडली. दारावरच्या निळ्या पाटीवर 'शासकीय पूर्वतयारी शाळा' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. लहान पोरांना वर्षभर शाळेची सवय लावायची, चार अक्षरं गिरवून घ्यायची, रडणं थांबवायचं आणि मग रस्त्यापलीकडच्या कार्पोरेशनच्या शाळेत पहिलीला धाडून द्यायचं, एवढंच तिचं काम. उघडली तेव्हा मंडप होता, हार होते, भाषणं होती. बंद झाली तेव्हा एक कारकून सायकलवर आला आणि कुलूप लावून गेला. सरकारचं हे असंच असतं, त्याच्यावर रागावून काही होत नाही. पण राग येतोच.

पाटीवरचं लांबलचक नाव वस्तीत कोणाच्याच जिभेवर बसलं नाही. सगळे तिला तयारीची शाळा म्हणायचे. आणि तयारीची शाळा म्हटलं की बाई आणि गुरुजी आठवायच्या आधी लोकांना प्रयागबाई आठवायची.

प्रयागबाई शाळेत बोलावणारी बाई होती. म्हणजे रोज सकाळी वस्तीत घरोघर जायचं, पोरं गोळा करायची आणि शाळेत आणून सोडायची. काम ऐकायला सोपं, करून पाहिलं तर घाम फुटावा असं. एक पोरगं मोरीत लपलेलं, दुसरं आईचा पदर सोडत नाही, तिसऱ्याच्या अंगावर सदराच नाही. कोणाला ती बोरकुटाचं आमिष दाखवी, कोणाला सरळ कडेवर उचली. पण तिचं खरं हत्यार म्हणजे तिची हाक. दाराशी उभी राहून ती नुसतं पोराचं नाव घेत नसे, आधी बापाचं नाव घेई. "ईश्वरदासच्या गणपत, चाल गा शाळेत!" आवाज असा खणखणीत की चार घरं पलीकडे माग चालवणाऱ्यालाही ऐकू जावा. एकदा बापाचं नाव असं गल्लीभर झालं की बापाला पोरगं घरात ठेवायची लाज वाटे. तो आतूनच ओरडे, "जाय रे बाबू, नाहीतर हे बाई मले जगू नाही देणार."

नवरा चंद्रभान छातीच्या दुखण्यानं गेला, त्यानंतर तिला हे काम लागलं होतं. पदरी एक मुलगी, पुष्पलता. मायलेकी राहायच्या भासऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या घरी. शालिकराम त्याचं नाव. घरात त्याचे दोन माग. माणूस कमी बोलणारा, पण वाईट नव्हता. धाकट्या भावाच्या बायकोला आणि पोरीला त्यानं कधी जेवणावरून टोकलं नाही. भासऱ्याशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती, त्यामुळे प्रयागबाईला काही सांगायचं असलं की ती दाराआड उभी राहून थोरल्या जावेला, रुखमाबाईला सांगे, आणि भासरा तिकडे मागावर बसून ऐके.

आता जे घडलं ते एका शब्दापायी घडलं.

पोरं पाठवायला आया कुरकुरल्या की प्रयागबाईचं एक ठरलेलं वाक्य असे, "वर्षभर पाठव वं, पोट्टं तयार होते." शाळेचंच नाव तयारीचं, तेव्हा तिनं आपल्या मनानं काही जोडलं असंही नाही. पण त्या वस्तीत तयार या शब्दाला एकच अर्थ होता. लुगडं मागावरून उतरलं की तयार झालं, आता त्यावर काही करायचं उरलं नाही. पोरगं चरख्यावर बसून कांड्या भरायला लागलं, धोट्यात घालायचं सूत नीट गुंडाळायला लागलं, की तेही तयार झालं. त्यामुळे वर्ष संपलं की आईबाप मोठ्या समाधानानं पोराला शाळेतून काढून चरख्याजवळ बसवत. शाळा झाली, पोरगं तयार झालं, आता पहिली कशाला?

आणि प्रयागबाईलाही ते बरोबरच वाटे. ती कधी शाळेत गेलेली नव्हती, तिला कोण सांगणार? स्वतःच्या पुष्पाला तिनं वर्षभर हौसेनं नेलं. वर्ष सरलं तेव्हा गल्लीत गूळफुटाणे वाटले. "माही पुष्पा तयार झाली," असं दारोदार सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पुष्पा मोठ्या बापाच्या, म्हणजे शालिकरामच्या, मागाशेजारी कांड्या भरायला बसली. आई सकाळी दुसऱ्यांची पोरं गोळा करायला निघे, तेव्हा ती चरखा फिरवत तिच्याकडे पाहत राही. एवढं होऊनही त्या बाईला काही खटकलं नाही, याचं आज नवल वाटतं. पण आपल्यालाही आपल्या घरातलं कुठे पटकन खटकतं?

अडुसष्टच्या उन्हाळ्यानंतर शाळेत शोभाताई नावाच्या नव्या मुख्याध्यापिका आल्या. शहरातल्या महाल भागातल्या, चाळिशीच्या, चष्मा सारखा पुसायची सवय. पहिल्याच आठवड्यात त्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जाऊन आल्या आणि गोंधळून परत आल्या. तिथल्या पहिलीत या वस्तीतलं जवळजवळ कोणीच नव्हतं. त्यांनी प्रयागबाईला बोलावलं.

"प्रयागबाई, आपली मुलं इथून जातात कुठं हो?"

"घरी," प्रयागबाई म्हणाली.

"घरी? पहिलीत नाही?"

"पहिलीत काहून जातीन बाई? तयार झाले नं ते. कामाले लागले सारे." आणि मग अभिमानानं, "माही पोरगी तं अशा कांड्या भरते का गाठ सापडणार नाही तुमाले."

शोभाताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रागावल्या नाहीत. शेजारची खुर्ची ओढून त्यांनी प्रयागबाईला बसायला लावलं, आणि हळूहळू सांगितलं की ही शाळा म्हणजे शाळेआधीची शाळा. इथे काहीच संपत नाही. तयारी म्हणजे पहिलीत जायची तयारी. त्याच्यापुढे दुसरी, तिसरी, चौथी, आणि त्याच्याही पुढे बरंच काही.

प्रयागबाई खुर्चीच्या काठावर बसून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे माही पुष्पा काहीच शिकली नाही?"

शोभाताईंनी पुन्हा चष्मा काढला.

त्या दिवसापासून प्रयागबाई सकाळची पोरं शाळेत सोडून पुन्हा वस्तीत जाऊ लागली. ज्या ज्या घरी तिनं पोरगं तयार होते म्हणून सांगितलं होतं, त्या त्या घरी जाऊन तिनं आपला शब्द मागे घेतला. लोकांना ही चांगलीच करमणूक झाली. ईश्वरदास हसून म्हणाला, "काहो प्रयागबाई, एकदा तयार केलेलं पोट्टं तुमी परत उसवून राहिल्या का?"

"हस गा, हस," ती म्हणाली. "माह्या अकलेले हस. पण पोट्ट्याले पहिलीत घाल."

कोणी ऐकलं, कोणी वाटेला लावलं. पण चिकाटी तिची दांडगी. पावसाळा सरेपर्यंत गणपतसारखी बरीच पोरं रस्ता ओलांडून पहिलीत बसली. राहिलं ते तिचं स्वतःचं घर.

ते तिनं शेवटाला ठेवलं होतं, कारण तिथे तिला भीती वाटत होती. दोन माग चालायचे ते पुष्पाच्या हातावर. ती उठली तर कांड्या कोण भरणार? एका दुपारी दाराआड उभी राहून ती रुखमाबाईला म्हणाली, "मोठ्या बाई, पुष्पीले शाळेत घालतो म्हणतो मी. माहीच चूक झाली."

मागाचा आवाज थोडा मंदावला. आतून शालिकराम बायकोला म्हणाला, "तिले म्हण, पोरीले इचार. तिची मर्जी असंन तं मी आडवा नाही येत."

प्रयागबाईचा जीव भांड्यात पडला. ती धावतच चरख्यापाशी गेली. पण पुष्पानं मान वर केली नाही. पोरगी आता दहा वर्षांची झाली होती, हातापायांनी लांब.

"मी नाही येत."

"काहून वं?"

"तिथं सारे पिलं बसतात. मले हासतीन."

प्रयागबाईनं लाडीगोडी लावली, बोरकूट आणलं, एकदा तर हात धरून ओढलंही. वस्तीतलं एकही पोरगं ज्या बाईपुढे टिकलं नव्हतं, तिच्यापुढे तिची स्वतःची पोरगी टिकली. चार-पाच दिवस हेच चाललं. शेवटी प्रयागबाई चुलीपाशी भाकरी थापता थापता रडायला लागली आणि म्हणाली, "साऱ्या गावाचे लेकरं माह्या मागं येते, अन् तूच नाही येत."

तेव्हा पुष्पा एकदम उसळली. "त्याइच्या दाराशी जातं नं तू! नाव घेऊन बोलवतं! मले इथं चुलीजवळून सांगतं. माह्या दाराशी कधी कोणी आलं का?"

प्रयागबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी बाहेर पडली. नेहमीसारखीच पोरं गोळा करू लागली. मागे जमलेली पलटण घेऊन ती मध्येच वळली, आणि आजवर जिथे कधीच थांबली नव्हती त्या आपल्याच दारासमोर येऊन थांबली. हाक मारायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आधी बापाचं नाव घ्यावं लागणार. नवऱ्याचं नाव. लग्नातल्या उखाण्यानंतर ते तिनं कधी उच्चारलं नव्हतं. तो गेला तेव्हाच्या आक्रोशातसुद्धा नाही. त्या वस्तीत कुठलीच बाई उच्चारत नव्हती. नुसतं पुष्पाचं नाव घेता आलं असतं. पण मग ती हाक बाकीच्या पोरांसारखी झाली नसती, आणि पोरगी तेवढंच तर मागत होती.

मागची पोरं चुळबुळायला लागली. समोरच्या ओट्यावरची म्हातारी डोळे बारीक करून बघायला लागली. प्रयागबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"चंद्रभानच्या पुष्पलता, चाल वं शाळेत!"

आवाज फाटला, पण गल्लीभर गेला. आतले दोन्ही माग थांबले. शालिकराम धोटा हातात धरून तसाच बसून राहिला. धाकट्या भावाचं नाव किती वर्षांनी त्या घरात ऐकू आलं होतं. मग त्याचा घोगरा आवाज आला, "जाय वं पोरी. बापाचं नाव घेतलं तुह्या मायनं."

पुष्पा दारात आली. वेणी घातलेली, परकर धुतलेला, हातात पाटी. लहान पोरं तिच्याकडे टकमक बघत होती, पण हसलं कोणी नाही. ती एकेक पायरी उतरून खाली आली आणि आईसमोर उभी राहिली.

"एवढे दिवस काहून नाही आली?" पोरीनं विचारलं.

प्रयागबाईनं पदरानं तोंड पुसलं, पोरीचा हात धरला आणि पुढच्या घराकडे निघाली.