फोड न आलेले पाय

चष्मा कपाळावर चढवायचा, समोरच्या माणसाला चपलेपासून टोपीपर्यंत न्याहाळायचं आणि मग शेजारच्याच्या कानाशी, पण समोरच्याला नक्की ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "टाइप आहे, टाइप!" जळगावच्या आमच्या कॉलेजातले इंग्रजीचे विभागप्रमुख जगाला भेटत ते असे. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांनी आयुष्यभर कुणाला त्याच्या नावाने ओळखलं नाही, तेव्हा हा त्यांचाच शिरस्ता समजा. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. दुसऱ्याचं सोंग त्याला फर्लांगभरावरून दिसतं. फक्त घरात आरसा नसतो.

सर दरवर्षी एक जुनं इंग्रजी यात्राकाव्य शिकवत. गोष्ट सहाशे वर्षांपूर्वीची. वसंत ऋतूत तऱ्हेतऱ्हेची माणसं एका संताच्या समाधीला निघतात आणि कवी एकेकाचं पाणी जोखतो. मठ सोडून शिकारीत रमणारा महंत, सापळ्यातल्या उंदरासाठी डोळे पुसणारी मठातली बाई, औषधापेक्षा सोन्यावर श्रद्धा असलेला वैद्य. सगळ्यांवर कडी म्हणजे पापाची माफी विकत हिंडणारा एक भामटा. तो डुकराची हाडं संताच्या अस्थी म्हणून दाखवतो आणि भाबडी माणसं त्याच्यापुढे वाकतात. हा भामटा सर असा रंगवत, की मागच्या बाकावर डुलक्या घेणारी मुलंही सावरून बसत. सर शिकवत उत्तम, हे मान्य केलंच पाहिजे. वाईट शिकवत असते तर त्यांचं कुणी ऐकलं नसतं, आणि पुढचं बरंच टळलं असतं.

एक भाग मात्र ते गाळत. त्या कवीने स्वतःलाही यात्रेत घातलं आहे, आणि सगळ्यांत रटाळ गोष्ट स्वतःच्याच तोंडी दिली आहे. इतकी रटाळ, की लोक त्याला मध्येच गप्प बसवतात. मी त्यांच्या हाताखाली नवा लागलो होतो. एकदा विचारलं, "सर, तो भाग का घेत नाही आपण?"

"परीक्षेला येत नाही," सर म्हणाले.

स्टाफरूममध्ये मात्र यात्रा बारमाही चालू असे. प्राचार्य झाले महंत, कॅन्टीनवाला झाला काव्यातला गिरणीवाला. राजस्थानातून येऊन तीन पिढ्या जळगावात कापड विकणाऱ्या एका शेठजींनी आम्हाला पंखे दिले. त्याच पंख्याच्या वाऱ्याला बसून सरांनी शेठजींचा टाइप ठरवला.

पाटीलबाई मराठी शिकवायच्या. मूळच्या फैजपूरच्या. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आल्या, पुढे शिकल्या आणि आमच्याकडे तात्पुरत्या नेमणुकीवर लागल्या. घरी म्हातारे आईवडील आणि लहान मुलगी. त्या वर्षी ती जागा कायम व्हायची होती. निर्णय संस्थेच्या अध्यक्षांचा, आणि अध्यक्ष ऐकायचे सरांचं. हे बाईंनाही माहीत होतं. तरी सरांच्या एका विनोदावर सगळे हसले तेव्हा त्या मान खाली घालून पेपर तपासत राहिल्या. त्यांचा अपराध एवढाच.

सरांनी चष्मा वर चढवला. त्या काव्यात पुन्हा पुन्हा लग्न करणारी एक ठसकेबाज बाई आहे. तिचं नाव पाटीलबाईंना चिकटलं. वास्तविक काव्यातली ती बाई भल्याभल्या पंडितांना पुरून उरते, पण तेवढं खोलात कोण जातो? आठवडाभरात नाव मुलांच्या तोंडी गेलं, मग फळ्यावर आलं. बाईंनी डस्टर उचललं, फळा कडेपर्यंत स्वच्छ पुसला आणि विचारलं, "हं, कुठवर आलो होतो आपण?"

चैत्रात आमच्या भागातली माणसं सप्तशृंगीच्या गडावर पायी जातात. खानदेश हे देवीचं माहेर. त्यामुळे आम्ही तिकडे नुसते भाविक म्हणून जात नाही, लेकीला भेटायला निघालेली माहेरची माणसं म्हणून जातो. बरोबर तिच्यासाठी साडीचोळी असते. त्या वर्षी कॉलेजातूनही एक जथा निघाला, आणि देवधर्माची टिंगल करणारे सर त्यात सामील झाले.

"भक्तीबिक्ती काही नाही," ते मला म्हणाले. "सगळे टाइप एका रस्त्यावर फुकट बघायला मिळतात. गॅदरिंगला वाचायला एक खुसखुशीत लेख होईल."

देवीची साडी पाटीलबाईंकडे होती. अनवाणी चालायचा नवस त्या बोलल्या होत्या. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

चैत्रातलं आमचं ऊन कसं असतं ते खानदेशाबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. डांबर मऊ होऊन तळव्यांना चिकटायचं. सर पारोळ्यापर्यंतही टिकले नाहीत. गाद्या आणि पाण्याची पिंपं घेऊन मागून येणाऱ्या टेम्पोत त्यांनी बैठक जमवली. पुढे त्यांचा क्रम ठरून गेला. गाव जवळ आलं की टेम्पो थांबे.

"सर, गाव दिसायला लागलं," ड्रायव्हर म्हणे.

"गाव आपल्याला दिसून उपयोग नाही. गावाला आपण दिसायच्या आधी उतरव."

मग बूट गादीखाली, पायांवर मूठभर धूळ, आणि सर अनवाणी, किंचित लंगडत जथ्यात शिरत. ते लंगडणंही त्यांनी मन लावून बसवलं होतं.

धुळं मागे टाकून मालेगावच्या वाटेला लागलं की एक गाव येतं. तिथल्या बायका देवीच्या माहेरच्या माणसांचे पाय धुतात. पिंपळाखाली परात, कळशी, हळदकुंकू. पाय धुवायला बसली होती गावातली एक अक्का. साठीची, हाताने दणकट, तोंडाने त्याहून. सरांचा पाय तिने परातीत घेतला, पाणी ओतलं, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि थबकली. दुसरा पाय घेतला.

"माय वं!" ती ओरडली. "इकडे या वं बठ्ठा! जळगावथून चालीसन उना हाऊ मास्तर. पाय तं देखा, एक बी फोड नही शे!"

बायका गोळा झाल्या. मी सरांकडे पाहिलं. आता हसतील, हात झटकतील, 'अहो, मी टेम्पोत होतो' म्हणतील, असं मला खरंच वाटलं. सरांनी डोळे मिटले.

"तुम्हनावर माय राजी शे, भाऊ," अक्का म्हणाली आणि तिने त्या पायांवर डोकं ठेवलं. मग एकेक करून सगळ्या बायका वाकल्या. एका लेकुरवाळीने पोराचं कपाळ सरांच्या अंगठ्याला टेकवलं. सरांनी डोळे न उघडता हात वर केला. काव्यातला तो भामटा आशीर्वाद द्यायला हात वर करतो, ते वर्गात दाखवतानाही सर अगदी अस्साच हात करत.

मागून पाटीलबाई आल्या. त्यांचे तळवे सोललेले होते, टाच फुटून रक्त येत होतं. अक्काने ते पाय बराच वेळ पाहिले.

"तुन्हं काहीतरी चुकेल शे, बाई," ती हळूच म्हणाली. "माय रागे शे तुन्हावर."

बाईंनी एकदा सरांकडे पाहिलं. सर दुसरीकडे पाहत होते. बाईंनी दुसरा पाय परातीत ठेवला. अक्का मात्र त्यांचे पाय धूत राहिली. जखमेत गेलेला मुरूम तिने फुंकर घालत पदराच्या टोकाने काढला.

त्या वर्षी लांबलेल्या गॅदरिंगला सरांनी लेख वाचला. हॉल भरलेला, पहिल्या रांगेत अध्यक्ष. गावोगावचे टाइप आले, टाळ्या पडल्या. मग आवाज खाली आणून सरांनी वाचलं, की माहेरी कायमची येऊन बसलेली एक बाई देवीला माहेरची साडी घेऊन निघाली होती. लोक हसले. पुढे पिंपळ, परात आणि अक्काची ती दोन वाक्यं: मास्तरावर माय राजी, बाईवर रागे. "आम्ही माणसं फसू शकतो," सर म्हणाले, "देवी कशी फसेल?"

या वाक्याला अध्यक्ष हसले नाहीत. ते श्रद्धाळू गृहस्थ होते. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

पाटीलबाई उभ्या राहिल्या. "सर, तुम्ही टेम्पोत होता."

"टेम्पोतच होते," मी मागून म्हणालो. "आम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

सगळ्यांनी पाहिलं होतं. पण सगळे आपापल्या खुर्चीच्या दांड्याकडे बघत होते. सरांनी सावकाश चष्मा कपाळावर चढवला, आधी बाईंना न्याहाळलं, मग मला. "टाइप आहेत," ते म्हणाले. "दोन्हीही!"

हॉल हसून कोसळला. बाईंची नेमणूक जूनमध्ये संपली ती संपलीच.

निघताना त्या मला भेटल्या. शिरपूरला शाळेत जागा मिळाली होती. मी सरांना शिव्या घालायला सुरुवात केली, तर म्हणाल्या, "जाऊ द्या हो. त्या अक्काचं तेवढं चुकलं. पण पाय काय सुरेख धुतले होते तिने!"

सर निवृत्त झाले, पिंप्राळ्यात बंगला बांधून राहिले आणि यथाकाल गेले. शोकसभेत अध्यक्षांनी त्यांना ऋषितुल्य म्हटलं. रडलेला कुणी मला दिसला नाही. कॅन्टीनवाल्याने चहा चांगला केला होता.

पुढच्या चैत्रात मी पुन्हा त्या वाटेने गेलो. पिंपळाखाली तीच अक्का, आता पाठीत वाकलेली. पुढ्यात एक तरुण बाई बसली होती, तळवे फुटलेली. अक्का तिला सांगत होती, "आमना गावमा एक मास्तर उना व्हता. पायले एक बी फोड नही! त्याले म्हनतस माय राजी व्हनी." ती तरुण बाई ओशाळून पाय मागे ओढत होती.

मग अक्काने मला ओळखलं. "ते मास्तर कोठे शेतस, भाऊ?"

"गेले, अक्का."

तिने पदर डोळ्यांना लावला. सरांसाठी कुणाच्या डोळ्यांतून आलेलं पाणी मी पाहिलं ते एवढंच. सरांनाही ते आवडलं असतं. म्हणून मी सांगून टाकलं, "अक्का, ते चाललेच नव्हते. टेम्पोत बसून आले होते. गाव आलं की उतरायचे."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. कळशी हातात तशीच तिरकी राहिली आणि पाणी परातीबाहेर जाऊ लागलं.

"आनि ती बाई? मी जिले बोलनू ती?"

"ती सगळी वाट चालली. अनवाणी."

तिने कळशी खाली ठेवली. समोरच्या तरुण बाईचा मागे ओढलेला पाय पुन्हा हातात घेतला, आणि त्या पायाकडे बघतच मला म्हणाली, "तिले ये म्हना, भाऊ. तिना पाय मी परत धुई दिसू."

मास्तरांचं तिने पुन्हा काही विचारलं नाही.