आईसाठी घेतलेली मोठी गाडी

आईसाठी घेतली, असं मी सगळ्यांना सांगत होतो. ते अर्धंच खरं होतं. आईचं डायलिसिस सुरू झालं आणि आठवड्यातून तीनदा बदलापूर गावातून उल्हासनगरला नेणं-आणणं मागे लागलं. येताना तिच्यात बसायचंही त्राण नसे. आमच्या छोट्या गाडीत आडवी झाली की पाय पोटाशी घ्यावे लागत. हे खरं. पण लांबलचक परदेशी गाडी, चामड्याच्या सीटा, दार लावल्यावर येणारा तो भरीव आवाज, याची हाव मला तरुणपणापासूनची होती. अकरा वर्षं जुनी, दोन मालकांच्या हाताखालून गेलेली एक गाडी पाहण्यात आली, आणि मी आईचं कारण पुढे केलं. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. मशीनला आपण घाबरत नाही, अशी माझी समजूत होती.

पहिला महिना बरा गेला. आई मागे पाय पसरून झोपायची. "ही गारी हाय का पालना?" म्हणायची. गावच्या जुन्या माणसांसारखी तीही गाडीला गारीच म्हणते.

मग एका सकाळी बाहेर आलो तर गाडी डावा गुडघा टेकल्यासारखी पुढून एका बाजूला बसलेली. शहाडजवळ एक सिंधी काका अशा गाड्यांचं काम करतात, असं कुणीतरी सांगितलं. कशीबशी तिथे नेली. काका सत्तरीला आलेले, चष्मा दोऱ्याने गळ्यात. त्यांनी वाकून पाहिलं आणि लगेच सरळ झाले.

"साईं, इसमें स्प्रिंग नहीं है. हवेवर उभी आहे ही. रबराची थैली फाटली. एक गेली म्हणजे दुसरी पण जाणार."

दुसरीही गेली. मग त्या थैल्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर गेला. पावसाळ्यात छताच्या काचेजवळची पाणी वाहून जायची नळी पाल्याने तुंबली आणि आईच्या पायाखालचा गालिचा महिनाभर कुबट वास मारत राहिला. उंदरांनी वायरी कुरतडल्या, म्हणून बायकोने इंजिनपाशी तंबाखूच्या पुड्या ठेवल्या. समोर एक पिवळा दिवा कायमचा लागला. तो कशाचा हे कधी कळलंच नाही. काका स्कॅनर लावायचे, तो विझायचा आणि अंबरनाथ येईपर्यंत परत लागायचा.

या गाडीत सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. एक पाइप बदलायचा तर आधी दहा गोष्टी काढा. सुट्टीचा वार मी काकांच्या गॅरेजमधल्या मोडक्या स्टुलावर घालवू लागलो. घरी आलो की बायको फक्त विचारायची, "झाली?" मी म्हणायचो, "सध्या तरी." पुढे तिने विचारणंही सोडलं.

शेवटी इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळायला लागलं. गळती कुठे आहे ते काकांनाही सापडेना. "गरम झाल्यावरच फट उघडते," ते म्हणाले. "कुर्ल्याहून पार्ट मागवलाय. तोवर डिकीत पाणी ठेवा." मी पाच-पाच लिटरचे दोन कॅन ठेवले.

मे महिन्यातली दुपार होती. आईला घेऊन परत येत होतो. अंबरनाथ मागे पडलं आणि तापमानाचा काटा चढला. मी गाडी कडेला घेतली तोवर बॉनेटखालून वाफ येत होती. गाडी बंद केली तशा काचाही वरच अडकल्या. आत भट्टी. आईला धरून बाहेर काढलं, समोरच्या टाइल्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली नेलं. दुकानातल्या बाईने न सांगता खुर्ची दिली आणि पाण्याचा तांब्या आणला.

"जास्त नका देऊ," मी म्हणालो. "डॉक्टरांनी मोजून सांगितलंय."

आईने दोन घोट घेतले आणि तांब्या स्वतःच बाजूला केला. इंजिन जरा निवल्यावर मी फडक्याने रेडिएटरचं झाकण उघडलं आणि कॅन रिकामा करू लागलो. ती खुर्चीतून बघत होती. ओठ सुकलेले.

"तिला डबं भरून पाजतंस," ती म्हणाली, "न मना दोन घोट."

ती हसत होती. दुकानातली बाईही हसली. मला हसता आलं नाही.

पाणी खालून तसंच वाहून गेलं. गाडी ओढून न्यायला टोइंगवाल्याला फोन केला. आता त्याची वाट बघायची की आईबरोबर जायचं? मी गाडीपाशी थांबलो. हे लिहायला सोपं नाही, पण तसंच झालं. एक रिक्षा थांबवली, आईला बसवलं, रिक्षावाल्याला पत्ता दिला आणि बायकोला फोन केला. उन्हात तासभर त्या गाडीच्या राखणीला बसलो. तिथे चोरण्यासारखं काही नव्हतं.

घरी पोचलो तर बायको आईचा हात दाबून धरून बसलेली. डायलिसिसची सुई टोचतात त्या जागेवरून रस्त्यातच रक्त आलं होतं. रिक्षावाल्याने पाहिलं, रिक्षा थांबवली, स्वतःचा रुमाल दिला, तिला वरून दाबून धरायला सांगितलं आणि तिथून पुढे पायी चालल्याच्या वेगाने आणली होती. बायको उतरवून घेईपर्यंत तो हललाही नव्हता. रक्त थांबलं होतं. मी समोर बसलो.

"तू यायला पायजे होतंस रं बाला," आई म्हणाली. एवढंच. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

कुर्ल्याचा पार्ट आला तेव्हा मी काकांना म्हणालो, "बसवू नका. गाडी तुम्हीच ठेवा, सुटे भाग विका."

त्यांनी चष्मा काढला. "पक्का? आता ठीक होईल साईं."

"तुम्ही दर वेळी हेच म्हणता."

"दर वेळी ठीक पण होते ना," ते म्हणाले. निघताना त्यांनी डिकीतली आईची गोधडी माझ्या हातात दिली.

आता तोच रिक्षावाला ठरवला आहे. पन्नाशीचा माणूस, आईच्या माहेराजवळच्या गावचा निघाला. दोन्ही वेळा मी असतो किंवा बायको असते. आई मागे माझ्या मांडीवर डोकं ठेवते, पाय मात्र दुमडावेच लागतात. खड्डा आला की कण्हते. जरा बरं वाटलं की रिक्षावाल्याला त्याच्या गावातल्या म्हाताऱ्यांची खुशाली विचारते. त्यातले बरेच गेलेले असतात. तो एकेकाचं सांगत हळूहळू चालवतो. मी तिचा हात धरून बसतो आणि बहुतेक वेळा मलाच डुलकी लागते.